तेलाची चाल की गिअरची? लहान ट्रॅक्टरच्या निवडीमागचा इतिहास

शेताच्या धुऱ्याशी ट्रॅक्टर आला की चालक हाताशी असलेला एक लहानसा दांडा ओढतो आणि मागचा दोन-अडीचशे किलोचा नांगर अलगद वर उचलला जातो. हे काम कोण करतं? तेल करतं. इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो, ते तेल दट्ट्याला ढकलतं आणि दट्ट्या नांगर उचलतो. हॅरी फर्ग्युसन यांनी १९३६ साली अशी उचलणी असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला, आणि आज गावोगावच्या ट्रॅक्टरला ती असते. तिच्यावर आपला इतका विश्वास बसला आहे की तिचा वेगळा विचारही कोणी करीत नाही.

मग एक साधा प्रश्न मनात येतो. जे तेल नांगर उचलतं, त्याच तेलानं चाक का फिरवू नये? इंजिन आणि चाक यांच्यामध्ये दातेरी चाकांची ती जड पेटी, ज्याला आपण गिअरबॉक्स म्हणतो, ती हवीच कशाला?

हा प्रश्न आज नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला अगदीच परका राहिलेला नाही. काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागातल्या संत्राबागांत लहान ट्रॅक्टर शिरले आहेत. परदेशात अशा लहान ट्रॅक्टरांवर तेलाची चाल सर्रास असते. तिला हायड्रोस्टॅटिक चाल म्हणतात. आपल्याकडे मात्र लहान ट्रॅक्टरही बहुतेक गिअरचेच विकले जातात. हे ऐकून कोणी म्हणेल, "म्हणजे आपण मागासलेले राहिलो." दुसरा म्हणेल, "ती परदेशी चैन आहे, आपल्याला काय करायची?" या दोन्ही मतांची परीक्षा इतिहासाच्या आधारे घ्यावी, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम गिअरबॉक्सचे काम काय ते पाहू. बैलजोडीला गिअर नसतो. जमीन मऊ लागली की बैल सहज पाय उचलतात; वखर भारी काळ्या मातीत रुतला की तेच बैल मान खाली घालून हळू चालतात, पण जोर वाढवतात. वेग कमी आणि जोर जास्त, किंवा जोर कमी आणि वेग जास्त, हा सौदा बैल आपोआप करतो. इंजिनाला हे जमत नाही. इंजिन एका ठरावीक फेऱ्यांच्या मर्यादेत चांगले काम करते. फेऱ्या फार उतरल्या की ते धापा टाकते आणि बंद पडते. म्हणून इंजिनाच्या एकाच वेगातून चाकाला निरनिराळे वेग काढून द्यावे लागतात. लहान दातेरी चाकाने मोठे चाक फिरवले की वेग घटतो आणि जोर वाढतो. विहिरीवरच्या रहाटाला दातेरी चाके लावणाऱ्या सुताराला हे ठाऊक होते.

१९१७ साली हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडू लागला, तेव्हा त्याला पुढे जाण्याचे तीन गिअर आणि मागे येण्याचा एक, इतकेच होते. म्हणजे शेतकऱ्याला तीन पायऱ्यांचा जिना मिळाला. दोन पायऱ्यांच्या मधली चाल हवी असेल तर ती नव्हती. शिवाय पायरी बदलायची तर क्लच दाबावा लागे, ट्रॅक्टर थांबे, आणि नांगर जमिनीत असेल तर पुन्हा निघताना इंजिनावर ताण पडे. पुढची चाळीस वर्षे कारखानदारांनी या एका अडचणीशी झुंज घेतली. पायऱ्या वाढवल्या, तीनाच्या पाच, पाचाच्या आठ केल्या. १९५४ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ट्रॅक्टर न थांबवता वेग एक पायरी उतरवण्याची सोय आपल्या एका मोठ्या ट्रॅक्टरला दिली. १९५९ साली फोर्ड कंपनीने क्लच न दाबता दहा वेग बदलता येतील अशी पेटी काढली. पण कितीही पायऱ्या केल्या तरी जिना तो जिनाच. चढाचा सरळ रस्ता वेगळा.

तो सरळ रस्ता तेलाच्या चालीने दिला. तिची रचना शाळेतल्या मुलांनाही समजावून सांगता येण्यासारखी आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधील पास्कल या विद्वानाने दाखवून दिले की बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोहोचतो. १७९५ साली इंग्लंडात ब्रामा नावाच्या कारागिराने याच तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्या वऱ्हाडात रुईच्या गाठी बांधणारी दाबयंत्रे याच तत्त्वावरची. विज्ञानाच्या तासाला पास्कलचा नियम शिकवताना गुरुजींनी गावाजवळच्या जिन-प्रेसचा आणि ट्रॅक्टरच्या उचलणीचा दाखला द्यावा. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा तो मुलांच्या ध्यानात अधिक राहील.

तेलाच्या चालीत दोन भाग असतात. इंजिनाने फिरणारा पंप हा पहिला, आणि चाकाला फिरवणारी तेलावरची मोटर हा दुसरा. पंपात लहान लहान दट्टे गोलाकार बसवलेले असतात आणि त्यांच्यासमोर एक चकती असते. चकती सरळ उभी असली तर दट्टे फिरतात खरे, पण मागेपुढे होत नाहीत. तेल हलत नाही आणि ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो. चकती थोडी तिरपी केली की दट्टे थोडे मागेपुढे होतात, थोडे तेल मोटरीकडे जाते आणि ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने निघतो. अधिक तिरपी केली की अधिक तेल आणि अधिक वेग. आणि चकती उलट बाजूला कलवली की ट्रॅक्टर मागे चालू लागतो. ही चकती चालकाच्या पायाखालच्या पेडलला जोडलेली असते. क्लच दाबणे नाही, दांडा बदलणे नाही. पेडल सोडले की कासरा ओढल्यासारखा ट्रॅक्टर थांबतो. या सबंध काळात इंजिन मात्र आपल्या एकाच वेगाने चालत राहते. ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी; बागाईतदाराच्या दृष्टीने सगळे मर्म तिच्यात आहे.

येथे एक खुलासा करावयास हवा. तेलावर चालणारी दुसरीही एक रीत आहे. तिच्यात एक पंखा तेल घुसळतो आणि त्या तेलाच्या वेगाने समोरचा दुसरा पंखा फिरतो. तिला हायड्रोडायनॅमिक म्हणतात, आणि रेल्वेच्या काही डिझेल इंजिनांत ती असते. आपण ज्या चालीविषयी बोलत आहोत तिच्यात तेलाचा वेग काम करीत नाही, तेलाचा दाब काम करतो. दोन्हींना लोक सरसकट 'हायड्रॉलिक' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.

दाबाच्या तेलाने यंत्र फिरवण्याची ही कल्पना शेतातून आलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लढाऊ जहाजांवरच्या अवजड तोफा हव्या त्या वेगाने आणि हव्या तिथे नेमक्या थांबतील अशा फिरवण्यासाठी अमेरिकेत तिचा उपयोग झाला. तोफेच्या कामात खर्चाचा हिशेब दुय्यम असतो. शेतीत तो पहिला असतो. म्हणून शेतापर्यंत यायला तिला अर्धे शतक लागले. १९५४ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय कृषी-अभियांत्रिकी संस्थेने तेलाच्या मोटरींवर चालणारा एक प्रायोगिक ट्रॅक्टर तयार केला. १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने विमानाच्या धर्तीच्या टर्बाइन इंजिनावर चालणारा आणि तेलाची चाल असलेला एक नमुना लोकांना दाखवला. टर्बाइनचा आवाज आणि इंधनाचा खर्च पाहता ते इंजिन मागे पडले, पण त्याच्या जोडीची तेलाची चाल टिकली. १९६७ साली त्याच कंपनीने '६५६' या आपल्या शेतकामाच्या ट्रॅक्टरवर ती बसवून बाजारात आणली.

आता याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते ते पाहावे. स्वातंत्र्यानंतर आपल्या भागाला ट्रॅक्टरची पहिली मोठी ओळख झाली ती कांस गवताच्या निमित्ताने. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या प्रांताच्या उत्तरेकडच्या मुलखात कांसाने उत्तम जमीन गिळली होती. त्याच्या मुळ्या इतक्या खोल की बैलाच्या नांगराला त्या दाद देत नसत. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने साखळीच्या पट्ट्यांवर चालणारे प्रचंड ट्रॅक्टर लावून ती जमीन खोल नांगरली. अशा यंत्रांसाठी १९४९ साली जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. म्हणजे आपल्याकडे ट्रॅक्टर आला तो ओढण्यासाठी, आणि तेही जिवाच्या आकांताने ओढण्यासाठी. त्या कामात इंजिनाच्या शक्तीचा एक कणही वाया घालवणे परवडणारे नव्हते.

पुढे देशातच ट्रॅक्टर बनू लागले. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि तीच अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर, या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. या कंपनीने मुंबईत बनवलेला 'बी-२७५' हा सुमारे ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांना आजही नावानिशी आठवतो. त्याला पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर होते. १९७७ साली ही कंपनी महिंद्र आणि महिंद्रमध्ये विलीन झाली, आणि त्या परंपरेतला ट्रॅक्टर कारखाना आपल्या नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतही उभा आहे.

ही जोडी मोठी बोलकी आहे. एकच घर, एकच दशक. अमेरिकेत ते घर तेलाच्या चालीचा ट्रॅक्टर विकत होते आणि भारतात त्याच घराची शाखा आठ गिअरचा ट्रॅक्टर विकत होती. आपल्याला जुना माल दिला असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. परंतु दुसरी एक हकीकत ऐकली की तो अर्थ अपुरा वाटतो.

त्याच काळात मनमोहन सूरी नावाचे एक भारतीय अभियंते होते. रेल्वेच्या डिझेल इंजिनासाठी तेल आणि गिअर यांचा मेळ घालणारी चाल त्यांनी शोधली. ती 'सूरी ट्रान्समिशन' या नावाने ओळखली गेली, आणि १९६२ सालचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. द्रवाच्या साह्याने शक्ती कशी पोहोचवावी, हे त्यांच्याइतके जाणणारी माणसे तेव्हा देशात मोजकीच असतील. हेच सूरी दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक असताना तेथे सर्वस्वी भारतीय आराखड्याच्या ट्रॅक्टरचे काम सुरू झाले. तोच 'स्वराज' ट्रॅक्टर. १९७० साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी निघाली आणि १९७४ पासून स्वराज बाजारात येऊ लागला. या भारतीय ट्रॅक्टरला, ज्याच्या जन्मस्थानी तेलाच्या चालीचा तज्ज्ञ बसला होता त्या ट्रॅक्टरला, कोणती चाल होती? गिअरची.

तेव्हा गिअर ही अज्ञानातून झालेली निवड नव्हती. ती कामावरून झालेली निवड होती. तिची कारणे तीन.

पहिले कारण इंधनाचे. दातेरी चाकांच्या पेटीत इंजिनाच्या शंभर भाग शक्तीपैकी ढोबळ मानाने दहा-पंधरा भाग खर्ची पडतात. तेलाच्या चालीत वीस ते तीस भाग जातात, कारण तेल दाबले जाताना, नळ्यांतून वाहताना आणि फटींतून झिरपताना तापते, आणि ती उष्णता म्हणजे वाया गेलेले डिझेलच होय. हिशेब असा करा. एका ट्रॅक्टरात चाकापर्यंत ८५ भाग पोहोचतात आणि दुसऱ्यात ७५. पहिल्याला नांगरटीच्या एखाद्या कामाला १०० लिटर डिझेल लागले, तर तेवढ्याच कामाला दुसऱ्याला सुमारे ११३ लिटर लागेल. वरचे १३ लिटर दर शंभरामागे, वर्षानुवर्षे. जो ट्रॅक्टर खरिपाआधी नांगरट आणि वर्षभर ट्रॉली ओढतो, त्याच्या मालकाला हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही.

दुसरे कारण दुरुस्तीचे. गिअरबॉक्स बिघडू लागला की आधी आवाज करतो. मिस्त्री तो उघडतो, तुटलेला दात डोळ्यांनी दिसतो, आणि तालुक्याच्या गावी ते चाक मिळते. तेलाच्या पंपातले दट्टे मात्र केसाहूनही बारीक फटीने बसवलेले असतात. आतला दाब एका चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या घरात आणि त्याच्याही वर जातो. तेलात धूळ गेली तर ती दट्ट्यांना घासून खाते, आणि ते बाहेरून दिसत नाही. फक्त ट्रॅक्टरचा जोर दिवसेंदिवस कमी होतो. असा पंप गावच्या झाडाखाली उघडण्याजोगा नसतो. शिवाय आपल्या वैशाखातले ऊनही विचारात घ्यावे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेल पातळ होते, पातळ तेल जास्त झिरपते, आणि जोर आणखी उतरतो.

तिसरे कारण अगदी गावातले आहे. बॅटरी उतरली तर आपण गिअरचा ट्रॅक्टर उतारावरून ढकलून सुरू करतो. तेलाच्या चालीचा ट्रॅक्टर असा ढकलून सुरू होत नाही, आणि बंद पडला तर तेलाची वाट मोकळी केल्यावाचून दोराने ओढून नेणेही पंपाला घातक ठरते.

मग अमेरिकेत तेलाच्या चालीचे पुढे काय झाले? याचे उत्तर आपल्याला सर्वांत जास्त शिकवणारे आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने मोठ्या ट्रॅक्टरांवर ती पुढेही दिली, पण मोठ्या शेतांवर दिवसभर नांगर ओढणाऱ्यांनी गिअरच पसंत केला. १९७३ नंतर खनिज तेल महागले, तेव्हा तेलाच्या चालीतला तोटा अधिकच डोळ्यांत भरला. १९८५ साली त्या कंपनीचा शेतीयंत्रांचा व्यवसायच विकला गेला, आणि तेलाच्या चालीचे ते मोठे ट्रॅक्टरही थांबले. मोठ्या ट्रॅक्टरात पुढे तडजोड निघाली. १९९५ साली जर्मनीच्या फेंट कंपनीने शक्तीचा काही भाग गिअरने आणि काही भाग तेलाने नेणारी चाल दाखवली. ती आजही चालू आहे, पण किंमत भारी.

लहान ट्रॅक्टरात मात्र नेमके उलटे घडले. घराभोवतीचे गवत कापणे, पुढच्या बादलीने खत-माती उचलून टाकणे, अरुंद जागेत पुढे-मागे करणे, अशा कामांना तेथे लहान ट्रॅक्टर लागत. १९६९ साली जपानच्या कुबोटा कंपनीने २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अमेरिकेत नेला आणि लहान ट्रॅक्टरांची मोठी बाजारपेठ उघडली. या कामात ओढ थोडी आणि थांबणे-निघणे फार. तासाभरात शंभर वेळा क्लच दाबण्यापेक्षा एक पेडल बरे, असा लोकांचा कौल पडला. देश तोच, कंपन्याही बहुतेक त्याच. पण ओढीच्या कामाला गिअर आणि चालीच्या कामाला तेल, अशी वाटणी तेथे आपोआप झाली. यात पुढारलेले-मागासलेले असे काही नाही.

आपल्या विदर्भातही ही वाटणी न बोलता सुरू झालीच आहे. भंडारा-गोंदियाकडे आणि आपल्या रामटेक-मौदा भागात धान कापायला साखळीच्या पट्ट्यांवरची यंत्रे येतात. त्यांतल्या अनेकांना तेलाचीच चाल असते. कारण उघड आहे. धानाचे पीक कुठे दाट, कुठे विरळ, कुठे लोळलेले. कापणी आणि मळणीची यंत्रणा एका वेगाने फिरत राहिली पाहिजे, आणि यंत्राने पुढे मात्र पिकाप्रमाणे हळू-जलद सरकले पाहिजे. हे गिअरच्या जिन्याने नीट साधत नाही. हजारो शेतकऱ्यांनी तेलाची चाल आपल्या बांधीत पाहिली आहे, फक्त तिचे नाव त्यांना कोणी सांगितले नाही.

आता संत्र्याच्या बागेकडे वळू. आपल्या बागांत साधारणपणे ६ मीटर बाय ६ मीटरवर झाड लावतात. हेक्टरी सुमारे २७७ झाडे. झाडे वाढली की फांद्या मध्ये येतात आणि वाट अरुंद होते. संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच असतात, म्हणून तेथे खोल नांगरट करायचीच नसते. बुंध्याला अवजार लागून साल निघाली की डिंक्या रोगाला दार उघडे होते, हे नागपूरच्या बागाईतदाराला सांगायला नको. येथे ट्रॅक्टरचे मुख्य काम फवारणीचे, तण कापण्याचे आणि हलक्या मशागतीचे. फवारणीचा पंप मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पी.टी.ओ.वर चालतो, आणि त्या दांड्याच्या मिनिटाला ५४० फेऱ्या कायम राहिल्या तरच तुषार बारीक आणि सारखे पडतात. मोठ्या झाडापाशी सावकाश जायचे आणि खाडा असलेल्या जागी पुढे सरकायचे, पण फवाऱ्याचा जोर तोच ठेवायचा. तेलाच्या चालीत इंजिनाचा वेग न बदलता हे होते. गिअरच्या ट्रॅक्टरवर अनेक चालक डिझेलचा दांडा कमी करून वेग कमी करतात. त्याबरोबर पंपाचा जोरही जातो आणि महागडे औषध पानांवर नीट बसत नाही. बहार हातचा जातो तो अशा लहान चुकांनी.

म्हणून काय, बागाईतदाराने तेलाचीच चाल मागावी? तसेही नाही. आपल्याकडे संत्रा बागाईतदाराचा ट्रॅक्टर केवळ बागेत राहत नाही. तोच पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या शेतात रोटाव्हेटर चालवतो, आणि तोच ट्रॉली भरून कळमन्याच्या बाजारात माल नेतो. एका ट्रॅक्टरावर घराचा सगळा भार असतो. ज्याच्याकडे एकच ट्रॅक्टर आहे आणि तोही कर्जाचा आहे, त्याने वर्षातले महिने मोजावेत. ओढीचे किती, चालीचे किती?

या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे, आणि आपल्याकडच्या कारखानदारांनी सध्या तीच धरली आहे. १५ ऑगस्ट २०२३ रोजी महिंद्रने दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला 'ओजा' हे लहान ट्रॅक्टरांचे घराणे जाहीर केले. जपानी सहकाऱ्यांच्या साह्याने त्याचा आराखडा झाला आणि तेलंगणातील झहीराबादला त्याचे उत्पादन होते. भारतात हे ट्रॅक्टर २० ते ४० अश्वशक्तीत आले ते गिअरचेच. मात्र बारा पुढचे आणि बारा मागचे गिअर देऊन, एका दांड्याने पुढचे मागे करण्याची सोय त्यांत केली. याच घराण्यातले ट्रॅक्टर अमेरिकेत तेलाच्या चालीसह विकले जातात. १९६७ सालचीच वाटणी ही. फरक इतकाच की त्या वेळी आराखडे परदेशातून येत होते, आणि आता दोन्ही चालींचे ट्रॅक्टर भारतीय कंपनीच्या नावाने जगात जातात. उद्या आपल्या शेतकऱ्यांनी नेटाने मागणी केली तर तेलाची चाल येथेही मिळू शकेल. प्रश्न आपल्या कामाला ती हवी की नको, हा आहे.

तो प्रश्न सोडवताना दुकानदाराच्या शब्दापेक्षा कागद पाहावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात अशी तपासणी १९२० पासून होत आली. या तपासण्यांच्या अहवालांत दोन आकडे असतात. एक पी.टी.ओ.वर मिळणाऱ्या शक्तीचा आणि दुसरा प्रत्यक्ष ओढीच्या शक्तीचा. या दोहोंत जेवढे अंतर, तेवढी शक्ती वाटेत चालीने आणि चाकाच्या घसरण्याने खाल्ली. जाहिरातीत छापलेली अश्वशक्ती बहुधा इंजिनाची असते. नांगराला ती सगळी मिळत नाही. गावच्या शिक्षकांनी हे दोन आकडे काढून वाचून दाखवण्याचे काम अंगावर घेतले, तर ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्या पाच घरांचे तरी भले होईल. सातवी-आठवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवायला याहून जवळचे उदाहरण नाही.

शिवाय घेण्यापूर्वी ट्रॅक्टर आपल्याच शेतात आणून चालवून पाहावा. दुकानाच्या सपाट अंगणात सगळेच ट्रॅक्टर गुणी असतात. तेलाची चाल असेल तर तेल आणि गाळणी किती तासांनी बदलावी लागते, त्या तेलाची किंमत काय, पंप बिघडला तर तो कुठे आणि किती दिवसांत दुरुस्त होतो, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. गिअरची चाल असेल तर पुरेसे सावकाश गिअर आहेत का, पी.टी.ओ. बंद न पडता ट्रॅक्टर थांबवता येतो का, पुढचे मागे करायला किती खटाटोप पडतो, हे पाहावे. आणि ट्रॅक्टर कोण चालवणार, हेही विचारात घ्यावे. गुडघे दुखणारा वडीलधारा माणूस, नुकती शिकलेली मुलगी, दर हंगामाला बदलणारा मजूर यांच्या हाती यंत्र जाणार असेल, तर एका पेडलच्या सोपेपणाचेही काही मोल आहेच. ते मोल डिझेलच्या हिशेबात मांडता येत नाही, पण घरात जाणवते.

श्रोतेहो, कांस काढायला जे यंत्र योग्य होते, ते संत्र्याखाली चालवण्याजोगे नव्हते. रेल्वेला तेल योग्य वाटले आणि स्वराजला गिअर, आणि दोन्ही निर्णय जाणत्या माणसांचे होते. त्यांनी आधी काम पाहिले आणि मग यंत्र ठरवले. आपल्या शेतात ओढीचे दिवस जास्त असतील तर निःशंकपणे गिअर घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. थांबत-सरकत करण्याचे दिवस जास्त असतील, आणि चांगला कारागीर हाकेच्या अंतरावर असेल, तर तेलाच्या चालीला भिऊ नका. ट्रॅक्टरचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात. म्हणून सही करण्यापूर्वी एक संध्याकाळ घरच्या माणसांबरोबर बसून गेल्या वर्षी ट्रॅक्टरने कोणते काम किती दिवस केले, हे कागदावर मांडा. त्या कागदावरून आपल्या घरापुरते उत्तर निघेल.